शेजारणीचा देश बाहेर पडला तेव्हा

शॉमबर्गला राहायला आलो तेव्हा मला सगळ्यात जास्त आठवण यायची ती माशांची. आईवडिलांचीही यायची, पण त्यांना पत्र तरी लिहिता यायचं. मी मालवणची. आमच्या घरापासून बंदर हाकेच्या अंतरावर. सकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की कोणाच्या जाळ्यात काय आलं, हे पहिला चहा व्हायच्या आत घरात कळायचं. आणि इथे, शिकागोच्या या उपनगरात, मासे म्हणजे सुपरमार्केटच्या थंड कपाटातल्या पांढऱ्या, चौकोनी, कसलाच वास नसलेल्या वड्या.

त्या कपाटासमोरच ती मला भेटली. मी एक पाकीट हातात घेऊन उलटसुलट करून बघत होते. शेजारी एक बुटकीशी, गोल चेहऱ्याची, काळ्याभोर केसांची बाई अगदी तेच करत होती. मला वाटलं, मणिपूरची असेल, नाहीतर नेपाळची. तिनं पाकिटाला नाक लावलं, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "याला हे लोक मासा म्हणतात?"

"आमच्याकडे मांजरसुद्धा तोंड लावणार नाही," मी म्हटलं.

"आमच्याकडे कुत्रे," ती म्हणाली.

दोघींनी ती पाकिटं परत ठेवली आणि मग दोघींनीही नाइलाजानं पुन्हा उचलली, कारण दुसरं काही मिळणारच नव्हतं. पैसे देऊन बाहेर पडलो तर कळलं, आम्ही एकाच वसाहतीत राहतो. तिची इमारत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची.

ती ग्रीनलंडची होती. मला ग्रीनलंड ठाऊक होतं ते शाळेच्या नकाशातलं, वरच्या कोपऱ्यातला एक भला मोठा पांढरा डाग. तिथे माणसं राहतात, भांडतात, मतं देतात, असं कधी मनातही आलं नव्हतं. तिचा नवरा डॅनिश, इंजिनिअर. त्याच्या कंपनीनं त्याला इकडे पाठवलं म्हणून ती आली. जवळच्या एका बालवाडीत ती मदतनीस होती. हिवाळा लागला की भेटेल तो अमेरिकन माणूस तिला म्हणायचा, तुला तर घरी आल्यासारखं वाटत असेल! ती मान डोलवायची आणि नंतर माझ्याकडे येऊन कुरकुरायची, "आमच्याकडे थंडी असते. इथे वारा थोबाडीत मारतो."

आमची मैत्री झाली ती माझ्या तिरफळं घातलेल्या आमटीवर. त्या चौकोनी वड्यांचंही मी बरं काहीतरी करू शकते, हे तिला पटलं, आणि ती दर आठवड्याला येऊ लागली. अशाच एका दुपारी, जेवून झाल्यावर, तिनं मला तिच्या घरातलं भांडण सांगितलं.

तिचा देश डेन्मार्कच्या अखत्यारीत. डेन्मार्क युरोपातल्या देशांच्या संघात शिरला, तेव्हा ग्रीनलंडलाही सोबत ओढत नेलं. तिथल्या बहुतेकांनी तेव्हाही नको म्हटलं होतं, पण डेन्मार्कच्या मतांपुढे त्यांची मतं किती असणार! आता तिथे त्यांचं स्वतःचं घरचं सरकार आलं होतं आणि ते लोकांना पुन्हा विचारणार होतं: संघात राहायचं की बाहेर पडायचं?

"माझा भाऊ म्हणतो, बाहेर," ती म्हणाली. "त्याची छोटी बोट आहे. लांबून युरोपची मोठी जहाजं येतात, परवाना घेऊन, आणि समुद्र खरवडून नेतात. परवाना कोण देतं? ज्यांनी आमचा समुद्र कधी पाहिला नाही, ते."

हे मला समजावून सांगायची गरजच नव्हती. मोठे यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हा आमच्या किनाऱ्यावर रापणीची जाळी ओढणारे लोक किती संतापले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मग बरोबरच आहे की त्याचं," मी म्हटलं.

"थांब. माझी बहीण त्याच गावात नगरपालिकेच्या कचेरीत आहे. ती म्हणते, रस्ता कोणाच्या पैशानं झाला? पोरांना धंदा शिकवायची शाळा कोणाच्या पैशानं उभी राहिली? नुसत्या माशांवर दवाखाना चालतो का? तिचंही बरोबर आहे." तिनं ताटातलं तिरफळ बोटानं बाजूला सारलं. "भाऊ तिला विकली गेलेली म्हणतो. ती त्याला आडमुठा म्हणते. एकाच बंदराच्या दोन काठांवर घरं आहेत. या नाताळात दोघं वेगवेगळे जेवले. मला दोघांचंही पटतं, म्हणून दोघंही माझ्यावर चिडतात."

आणि तिला स्वतःला मत देता येणारच नव्हतं. इतकी वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला कोण विचारतो?

त्याच हिवाळ्यात माझे सासरे आमच्याकडे राहायला आले होते. नागपूरच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, सासूबाई जाऊन काही वर्षं झालेली. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. कानटोपी घालून ते इमारतीच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला खणखणीत आवाजात गुड मॉर्निंग म्हणत. बाबांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, वेगळा विदर्भ. तरुणपणी त्यासाठी मोर्च्यात लाठी खाल्ली होती. आमच्या लग्नाच्या जेवणावळीतसुद्धा त्यांनी माझ्या वडिलांना ऐकवलं होतं, "कापूस आमचा, वीज आमची, आणि मुंबई तुमची!" त्यावर माझे वडील म्हणाले होते, "मुंबई आमची कुठली? आमच्याकडे तर अजून धड रस्ता नाही." दोघंही हसले होते. हसण्यावारी गेलं ते तेव्हा.

शेजारीण त्यांना 'मिस्टर बाबा' म्हणायची. तिच्या देशाची हकिगत ऐकली आणि बाबा खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"हे तर आमचंच चालून राहिलं ना!" ते मला मराठीत म्हणाले आणि मग तिला मुख्याध्यापकी इंग्रजीत, "बाहेर पडा. शंभर टक्के बाहेर पडा. उशीर करू नका."

त्या दिवशी तिचा नवराही जेवायला होता. उंच, शांत माणूस, शब्द मोजून वापरणारा. तो बाबांना म्हणाला, "माझे वडील लहान होते तेव्हा आमच्या रस्त्यावर दुसऱ्या देशाचे सैनिक उभे असायचे. त्यांच्या दृष्टीनं हा संघ म्हणजे शेजाऱ्यांनी पुन्हा एकमेकांवर बंदुका रोखायच्या नाहीत, एवढा एकच करार आहे." आणि बायकोकडे वळून म्हणाला, "तुझ्या भावाला मासे दिसतात. माझ्या वडिलांना रणगाडे दिसतात."

"माझ्या भावाच्या ताटात मासेच असतात," ती म्हणाली. 

आमच्या मराठी मंडळाची संक्रांत सगळ्यांच्या सोयीनं फेब्रुवारीत व्हायची, एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन. त्या वर्षी वडीलधारे म्हणून बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बाबांनी ग्रीनलंडपासून सुरुवात केली. लोक कौतुकानं ऐकत होते. मग ग्रीनलंडवरून ते थेट विदर्भावर आले आणि म्हणाले, "बर्फात राहणाऱ्या मूठभर लोकांना जे कळतं, ते आमच्या लोकांना का कळत नाही? ज्यांनी लुटलं त्यांच्याच पंगतीला किती दिवस बसायचं?"

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मग पुण्याचे एक डॉक्टरकाका उठले. मंडळात त्यांचा शब्द चालायचा. ते म्हणाले, "आपण इथे तिळगूळ वाटायला जमलो आहोत. महाराष्ट्र वाटायला नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या. मागून एक नागपूरकर ओरडला, "त्यांना बोलू तर द्या!" "यार, सोडा ना, मुलं आहेत इथे," असं कोणीतरी म्हणालं, पण आता कोण कोणाचं ऐकतो! लुटलं म्हणजे कोणी लुटलं, पासून धरणं, कापूस, नोकऱ्या, सगळं निघालं. हलव्याचे दागिने घातलेली एक छोटी मुलगी आईचा पदर ओढून विचारत होती, "व्हाय आर दे सो मॅड?" तिची आई म्हणाली, "फिशमुळे." तीन-चार घरं न जेवताच निघून गेली.

गाडीत आमचंही जुंपलं. माझे यजमान सहसा वाद घालत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "बाबा चुकीचं काय बोलले? तिकडे वाढलेल्यांना नाही कळायचं ते."

"मी तिकडचीच आहे ना? मग तुमचं राज्य वेगळं झाल्यावर मी कोण होणार? परकी?"

"तू उगाच स्वतःवर घेतेस."

"अहो, लुटणाऱ्यांच्या पंगतीत मीही बसले होते की तिथे!"

 वायपर काचेवरचा बर्फ ढकलत राहिले. बाबा मागच्या सीटवर बसून सगळं ऐकत होते. घरी आल्यावर आम्ही तिघंही वेगवेगळ्या वेळी जेवलो. पुढच्या शनिवारी दोन घरांनी आमच्याकडचं जेवण कॅन्सल केलं, एकानं सर्दीचं कारण सांगून, दुसऱ्यानं कसलंच न सांगता.

याच सुमारास तिकडे मतदान झालं. 'बाहेर'वाले जिंकले, पण थोडक्यात. जवळपास निम्मा देश हरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण आमच्याकडे आली ती घरातल्या कपड्यांवरच कोट चढवून. दार बाबांनी उघडलं. त्यांनी दोन्ही हात पसरून "काँग्रॅच्युलेशन्स!" म्हटलं आणि ती तिथेच, पायपुसण्यावर उभी राहून रडायला लागली.

बाबा गडबडले. तिला हाताला धरून आत आणलं, खुर्ची दिली, आणि मी चहा ठेवेपर्यंत नुसते तिच्यासमोर उभे राहिले.

"तुम्ही जिंकलात ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

"भाऊ जिंकला. त्याचा फोन आला, आनंदानं रडत होता. मग बहिणीचा आला, तीही रडत होती. आणि नवरा म्हणाला, आज युरोपला सोडलंत, उद्या आम्हालाही सोडाल. मी त्याला म्हटलं, आम्हाला म्हणजे कोणाला? तुला आणि मला? तर तो उठून निघून गेला." तिनं डोळे पुसले. "मिस्टर बाबा, तुमचा प्रांत वेगळा झाला तर ही कुठे जाईल?"

ही म्हणजे मी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा गाळत होते, मान वर केली नाही.

"ही कुठे जाणार? ही घरची आहे."

"माझी बहीणही घरचीच आहे. पण भाऊ तिच्या दारावरून जात नाही."

बाबांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. ती गेल्यावर स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"सूनबाई, विदर्भ वेगळा व्हावा, असं मी मरेपर्यंत म्हणेन."

"म्हणा ना बाबा. मी कुठे अडवते?"

"पण त्या दिवशी हॉलमध्ये मी मागणी नाही केली. समोरच्यांना टोचलं. त्यात तू बसली होतीस, हे माझ्या लक्षातच नाही आलं बाप्पा."

एवढंच म्हणाले. मग बाहेर जाऊन त्यांनी पुण्याच्या डॉक्टरकाकांना फोन लावला. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण बोलणं लांबलं, मध्येच बाबांचा आवाज चढला, मग हसू ऐकू आलं. पुढच्या रविवारी काका-काकू गूळपोळ्या घेऊन आले आणि दुपारभर धरणांवर वाद घालून, भाकरी-पिठलं खाऊन गेले. माझे यजमान मला म्हणाले, "तू त्या दिवशी बोललीस ते बरोबर होतं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून फार वेळा ऐकायला मिळालेलं नाही, म्हणून नीट लक्षात आहे.

कॅसेटची कल्पना बाबांचीच. तेव्हा आम्ही नागपूरला आणि मालवणला पत्रांबरोबर कॅसेट रेकॉर्ड करून पाठवायचो. फोन महाग, आणि फोनवर सगळा वेळ 'ऐकू येतंय का'मध्येच जायचा. बाबांनी शेजारणीला विचारलं, "तुझ्या भावाकडे टेप आहे?"

"नाही. बहिणीकडे आहे."

"मग एकच कॅसेट पाठव. दोघांच्या नावानं. दोन पाठवू नकोस."

तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

रेकॉर्डिंग आमच्याच जेवणाच्या टेबलावर झालं. मताबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ती काय बोलली ते आम्हाला एका शब्दानंही कळलं नाही. घशातून येणारे, लांबच लांब शब्द. मधूनच 'शिकागो' ऐकू यायचं. एकदा तिनं फ्रीजरमधलं माशांचं पाकीट काढून टेपजवळ टेबलावर आपटलं, तेव्हा त्या चौकोनी वड्यांची हकिगत चालली आहे, हे कळलं. तेवढ्यात तिचा नवरा तिला न्यायला आला. दारात उभा राहून ऐकत होता. तिनं काही न बोलता टेप त्याच्याकडे सरकवला. त्या माणसानं घसा साफ केला आणि अडखळत तिच्या भाषेत चार-पाच वाक्यं बोलला. लग्नाआधी तिच्यासाठी शिकला होता म्हणे, नंतर गंजून गेली. त्याचं व्याकरण इतकं चुकलं की ती हसू आवरायला तोंडात रुमाल कोंबून बसली. तेही हसू कॅसेटवर गेलं.

"काय म्हणालास?" बाबांनी त्याला विचारलं.

"मी म्हणालो, तुमची बहीण मला अजून सोडून गेलेली नाही. तुम्ही दोघंही आम्हाला सोडू नका." मग जरा लाजून, "निदान म्हणायचं तरी तेच होतं."

उत्तर यायला वेळ लागला. तिथे टपाल हवामानाच्या मर्जीवर चालतं. वसाहतीतल्या झाडांना पालवी फुटली, कॉरिडॉरमधल्या फेऱ्या सोडून बाबा बाहेर फिरायला लागले, आणि एका दुपारी नवरा-बायको दोघंही आमच्याकडे आले. तिच्या हातात कॅसेट होती. तिनं अजून ऐकली नव्हती. एकटीनं ऐकायची तिला भीती वाटत होती.

टेप लावला. आधी एका बाईचा आवाज, चढा. मग पुरुषाचा, त्याहून चढा. मग दोघांचा एकदम. आम्ही एकमेकांकडे बघू लागलो.

"भांडताहेत का?" मी हळूच विचारलं.

"ती म्हणतेय, बूट पुसून आत यायला काय होतं," शेजारीण सांगू लागली. "तो म्हणतोय, तुझी कॉफी पातळ आहे, पहिल्यापासून पातळच असते... आता मतावर आले." तिचा चेहरा ताणला. सांगणं सोडून ती टेपच्या आणखी जवळ सरकली. टेपमध्ये लाकडावर सुरी चालल्याचा आवाज येत होता. हा आवाज मला मात्र कोणी सांगायला नको होता. कोणीतरी मासा कापत होतं.

"तो हॅलिबट घेऊन आला होता तिच्याकडे," ती म्हणाली. "ती म्हणतेय, बाहेर पडलात ना, आता त्या युरोपवाल्यांशी बोलणी कोण करणार? जहाजांचे परवाने, दर, कायद्याचे कागद, तुम्हा कोळ्यांपैकी कोणाला येतं ते?" ती थांबली. "तो म्हणतोय, कोणालाच येत नाही. तू ये. आमच्या सभेत येऊन बस आणि शिकव."

"मग?" आम्ही सगळे एकदम म्हणालो.

"ती म्हणतेय, आधी बूट काढ."

तिचा नवरा मोठ्यानं हसला. इतक्या दिवसांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. बाबांनी कॅसेट मागे फिरवायला लावली आणि ते भांडण पुन्हा ऐकलं, गाणं ऐकावं तसं, मान डोलवत.

बाबा उन्हाळ्यात नागपूरला परत गेले. विमानतळावर डॉक्टरकाका त्यांना पोचवायला आले होते आणि तिथेही दोघांचा वाद चालूच होता, सामानाच्या ढकलगाडीचा दांडा दोन्ही बाजूंनी धरून. मंडळातली रुसलेली घरं एकेक करून परत आली. एक घर आलं नाही. तेवढं एक राहूनच गेलं.

ग्रीनलंडला खरोखर बाहेर पडायला आणखी जवळपास तीन वर्षं लागली. बोलणी लांबली. शेवटी ठरलं की युरोपच्या जहाजांनी मासे न्यायचे तर तिथल्या सरकारला त्याचे पैसे मोजायचे. भाऊ म्हणाला, बघा, मी सांगत होतो. बहीण म्हणाली, करार कोणी वाचला, मी. ती खरंच त्यांच्या सभांना जायला लागली होती. दरम्यान एका उन्हाळ्यात शेजारीण नवऱ्याला घेऊन गावी जाऊन आली. डेन्मार्कहून तिचे सासरेही आले होते, तेच, ज्यांना रणगाडे दिसायचे. भावानं त्यांना बोटीतून नेलं. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. तिनं मला फोटो दाखवला. जाड कोटातला म्हातारा बोटीच्या काठाला घट्ट धरून बसला आहे, आणि भाऊ त्याच्या पायांवर पांघरूण टाकतो आहे.

ज्या दिवशी तो देश संघातून बाहेर पडला, त्या दिवशी तिनं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. आमच्यासमोरच तिनं बहिणीला फोन लावला. आता लाइन जरा बरी झाली होती. ती थोडं बोलली, खूप ऐकलं, आणि फोन ठेवून आमच्याकडे वळली.

"मी विचारलं, आज काय बदललं? ती म्हणाली, काही नाही. सकाळी उठून कचेरीत गेले, तर दारातला बर्फ कोणी साफ केलेला नव्हता. पण आता तक्रार कोणाकडे करायची ते आम्हाला माहीत आहे."

"कोणाकडे?" माझ्या यजमानांनी विचारलं.

"तिच्याकडेच. या वर्षीपासून बर्फ साफ करून घ्यायचं काम तिच्याकडे आलं आहे. फावडं घेऊन तिनंच काढला म्हणे. भाऊ मदतीला आला होता."

तिच्या नवऱ्यानं भांड्याचं झाकण उघडलं आणि आम्ही सगळे पानांवर बसलो.